स्वीट कॉर्नची कुठली जात घ्यावी? राजापूर, लोकल विक्रीसाठी

राजापूर_मळा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमचा नदीकडेला ८ गुंठ्यांचा कुणगा (भाताचं सखल शेत) आहे आणि घराच्या वरच्या अंगाला गडग्याला (दगडी बांधाला) लागून ४ गुंठे वरकस (उंचावरची हलकी जमीन) आहे, तिथे ड्रिप टाकलंय. कुणग्यात भात कापलं की पुढे कधी कुळीथ कधी चवळी टाकतो, घरी खायला होतं, बाकी जमीन रिकामीच. विहिरीचं पाणी एप्रिलपर्यंत पुरतं. म्हणून मागच्या वर्षी पहिल्यांदा २ गुंठ्यात स्वीट कॉर्न करून बघितलं आणि अर्धवट फसलं, काय झालं ते सगळं सांगतो म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

दुकानातून पाकीट आणलं, दुकानदाराने दिलं ते घेतलं, जात कुठली ते नीट वाचलंही नाही. बी रात्रभर भिजत घातलं, भाताचं रहू करतो, म्हणजे मोड आणतो, तसं फडक्यात बांधून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पेरलं. उगवण जेमतेम निम्मी. पण जी झाडं आली ती मस्त वाढली, कणसं दिसायला एकदम भारी. हायवेवरच्या एका टपरीवाल्या काकांना ६० कणसं दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी २० परत दिली, म्हणाले गिऱ्हाईक बोलतंय हे गोड नाही, पिठूळ लागतंय. घरी येऊन उकडून बघितलं तर एकाच कणसात काही दाणे साखरेसारखे आणि त्यांना चिकटून असलेले दाणे चक्क गावठी मक्यासारखे टणक, दाताला लागतील असे. शेजारच्या मळ्यात त्यांनी गुरांसाठी मका टाकला होता, मधे फक्त एक मेर (बांध). दुकानदार म्हणतो बियाणं बरोबर आहे, तुमची खतं चुकली. काकांना पैसे परत दिले, पण मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं, कारण त्यांनी माझ्या शब्दावर माल घेतला होता.

यंदा नीट करायचंय. विक्री म्हणजे आठवडा बाजार, हायवेच्या दोन टपऱ्या आणि कशेळीच्या देवघळीला, आडिवऱ्याला जे पर्यटक येतात त्यांच्यासाठीचे एक-दोन स्टॉल. मुंबई-पुण्याला पाठवायचा विचार नाही. शुगर ७५ सगळे सांगतात पण बी महाग पडतं. कोणी म्हणतं माधुरी किंवा प्रिया लाव, बी घरचं धरता येतं. कोणी म्हणतं पांढरा स्वीट कॉर्न पण येतो, वेगळं दिसेल. ज्यांनी कोकणात स्वतः लावलंय त्यांनी सांगा, कुठली जात आणि का?

गुहागर_आगर

मळा भाऊ, तुमचं बियाणं बहुतेक चांगलंच होतं आणि खताचा तर काहीच संबंध नाही, तुमच्या कणसात शेजारचा मका आलाय.

मक्याच्या कणसाला जे केस येतात ना, त्यातला एकेक केस एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर जो पराग पडला तसा तो दाणा होणार. स्वीट कॉर्नचा गोडवा हा दबून राहणारा गुण आहे, आई आणि बाप दोन्हीकडून आला तरच दाणा गोड, बाप गावठी निघाला की तो दाणा त्याच वर्षी, त्याच कणसात पिठूळ. म्हणून एका कणसात दोन्ही चवी लागल्या तुम्हाला. आंब्याच्या कलमाशेजारी रायवळ असला तरी हापूसच्या फळाची चव बदलत नाही, तशी सवय आपल्या डोक्यात असते, पण मक्यात आपण दाणाच खातो त्यामुळे लगेच कळतं. उपाय दोनच, एक तर अंतर, मी स्वतः २५०-३०० मीटरच्या आत दुसरा मका असेल तर लावत नाही, आणि आपल्या समुद्राकडच्या वाऱ्यात तेवढं हवंच. नाहीतर वेळेचा फरक, म्हणजे त्यांचा मका तुऱ्यावर यायच्या आणि तुमचा यायच्या मधे ३-४ आठवडे जाऊ द्यायचे. शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्या, गुरांसाठीच पाहिजे तर तुमची हिरवी ताटं त्यांना द्या ना, कणीस काढल्यावर स्वीट कॉर्नचं ताट हिरवंगारच असतं, गुरं आवडीने खातात आणि त्यांना वेगळा मका पेरायची गरजच राहत नाही.

आता उगवणीचं. रहू करणं भाताला ठीक, या बियाला नको. सुपर स्वीट जातीचं बी हातात घेऊन बघा, वाळलेल्या मनुकेसारखं सुरकुतलेलं आणि हलकं असतं, कारण त्यात स्टार्च फारच कमी. अंकुराला पोसायला शिदोरीच नाही म्हणा ना. असं बी पाणी भसकन ओढतं, रात्रभर बुडवलं की फुटतं आणि कुजतं. कोरडंच पेरा, जमीन आधी ओलवून वाफसा आल्यावर, दीड-दोन बोटं खोल, त्याहून खोल नाही, आणि पेरल्यावर पहिले ५-६ दिवस पाणी धबाधबा सोडू नका. गुलाबी रंग लावलेलं बी असेल तर ते औषध चोळलेलं असतं, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका.

जातींबद्दल. मी सलग ३ हिवाळे केलं, आगराच्या मागच्या अंगाला. सिंजेंटाची शुगर ७५ दोन वर्षं आणि अ‍ॅडव्हांटाची हाय ब्रिक्स एक वर्ष. दोन्ही हायब्रीड, दोन्ही पिवळ्या, खाताना सामान्य गिऱ्हाईकाला फरक कळणार नाही असं माझं मत. माझ्याकडे शुगर ७५ ची कणसं एकसारख्या मापाची आली आणि टोकापर्यंत भरली, म्हणून मी परत तिच्यावरच आलो. पण जातीचं नाव विचारण्याआधी प्रकार विचारा असं मी सांगेन. जुन्या प्रकारच्या स्वीट कॉर्नमध्ये साखर तोडल्यापासून भराभर स्टार्चमध्ये बदलते, आपल्याकडच्या ३० डिग्रीच्या हवेत एका दिवसात निम्म्याच्या आसपास साखर जाते. सुपर स्वीट प्रकारात मुळात साखर जास्त आणि ती बदलतेही हळू. हा गुण अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लाफनन यांनी १९५३ साली मांडला, ते सुरकुतलेले दाणे अभ्यासत होते आणि चाखल्यावर त्यांना तो गोडवा जाणवला. आज बाजारात ग्लासमधून जे कॉर्न मिळतं ते बहुतेक त्याचंच पुढचं. तुम्ही सकाळी तोडून संध्याकाळी टपरीवर विकणार, किंवा दुसऱ्या दिवशी, तर सुपर स्वीट हायब्रीडच घ्या, तिथे बियाच्या पैशाकडे बघू नका. गुंठ्याला बी लागतं किती, शंभर-सव्वाशे ग्रॅम. ६० बाय २० सेंटीमीटरवर एका गुंठ्यात ८४० च्या आसपास झाडं बसतात.

आणि एक, दोन ओळी लांबच लांब लावू नका गडग्याच्या कडेने. चौकोनी प्लॉट करा, निदान ४-५ ओळी शेजारी शेजारी, नाहीतर पराग वाऱ्यावर उडून जातो आणि कणसात दात पडल्यासारखे खड्डे राहतात. तुरा आल्यावर सकाळी ८-९ वाजता मी ओळीतनं फिरतो आणि ताटांना हलका धक्का देत जातो, अंगावर पिवळी भुकटी पडते सगळी.

गणपतीपुळे_स्टॉल

मी पिकवत नाही, विकते. ७ वर्षं झाली आमच्या स्टॉलला, उकडलेलं कणीस आणि मसाला कॉर्न दोन्ही. राजापूरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं कारण परत आलेलं कणीस आमच्याही नशिबी येतं आणि गिऱ्हाईक शेतकऱ्याला नाही, आम्हाला बोलतं.

आमच्या बाजूने सांगते काय पाहिजे. पहिलं म्हणजे पिवळं. पांढरं कितीही गोड असू दे, पर्यटक लांबूनच विचारतात हे गावठी आहे का आणि पुढे जातात, मी एकदा पांढरं ठेवून बघितलं, प्रत्येकाला एक दाणा चाखायला देत बसावं लागलं, गर्दीत ते जमत नाही. दुसरं म्हणजे माप. मी एका कणसाचा एकच रेट लावते, मग एक वीतभर आणि एक चार बोटांचं असलं की भांडण. तुम्ही मोठी, मध्यम वेगळी करून द्या, मध्यम मी दाणे सोलून ग्लासला वापरते, मोठी अख्खी उकडते. तिसरं, सालं काढून आणू नका कोणी. सालासकट असलं की दाणा टवटवीत राहतो, सोललेलं कणीस दुपारपर्यंत चिंबून जातं. आणि गोणी उन्हात ठेवू नका, आतून गरम होते, हात घातला की कळतं, तसल्या गोणीतलं कणीस उकडलं की पाणचट लागतं. आमचा माल देणारा एक जण पहाटे तोडतो आणि गोणीवर ओलं तरट टाकून आणतो, त्याच्याकडनं मी दोन रुपये जास्त देऊन घेते.

घाटावरनं टेम्पो येतो तो स्वस्त पडतो, खोटं नाही सांगत. पण तो माल तोडून दोन दिवस झालेले असतात कधी कधी. गावचा ताजा माल मिळाला तर मी तोच घेईन, फक्त भरवसा पाहिजे की शनिवारी म्हटलं तर शनिवारीच येईल. आणि एकदम ८०० कणसं आणून दारात ओतायची नाहीत!! आमचा हिशेब असा की आडवारी ५०-६० जातात, शनिवार-रविवारी दोनशेच्या वर, नाताळ ते १ जानेवारी कितीही द्या. मागच्या वर्षी एका मुलाने ६ गुंठे एकाच दिवशी लावलं, सगळं एकदम तयार झालं, आठवड्यात संपवायचं कसं, शेवटी त्याने गुरांना घातलं. रडकुंडीला आला होता बिचारा. जात चांगली होती त्याची. म्हणून सांगते जातीपेक्षा हे बघा की दर आठवड्याला थोडं थोडं कसं निघेल.

भाजण्याबद्दल पण सांगते. कोळशावर भाजायला स्वीट कॉर्न मला तरी आवडत नाही, दाण्यात पाणीच जास्त, भाजलं की आक्रसतं आणि कोळशाचा तो खरपूस वास धरत नाही, वरनं मीठ-मिरची-लिंबू चोळलं तरी गोडच लागतं. भाजायला गावठीच. पण पावसाळ्यात.

आंबोली_घाट

वरच्या ताईंचं बरोबर आहे, पावसाळ्यात धबधब्यावर आमच्याकडे भाजलेलंच मागतात, धुक्यात उभं राहून गरम गावठी कणीस, तिथे स्वीट कॉर्न कोण विचारतं. पण राजापूर भाऊ खाली पावसात मका करायच्या भानगडीत पडू नका, पाणी साचलं की मका पिवळा पडतो आणि बसतोच, उतार असला तरच.

कुडाळ_परसबाग

मला हायब्रीडच घ्या हे सगळ्यांना सरसकट सांगणं पटत नाही. मी ५ वर्षं माधुरी लावतेय परसदारी, दीड गुंठा. माधुरी, प्रिया या हायब्रीड नाहीत, सुधारित जाती आहेत, त्यामुळे बी घरचं धरता येतं. हायब्रीडचं बी धरलं तर पुढच्या वर्षी काय निघेल सांगता येत नाही, कणसं उंच-बुटकी, गोडी पण कमी-जास्त. मी दरवर्षी प्लॉटच्या मधल्या झाडांची २५-३० चांगली कणसं झाडावरच वाळवते, कडेची नाही, मधलीच, आणि दाणे राखेत घालून बरणीत ठेवते. एक पैसा बियाला जात नाही. गोडीला हायब्रीडपेक्षा कमी आहे हे कबूल, आणि कणसं एकसारखी नसतात हेही कबूल. पण आमच्या वाडीत आणि आठवडा बाजारात मी तोडल्यावर तीन-चार तासात विकून मोकळी होते, तिथे कोण दोन दिवस टिकतंय का बघत नाही. त्यामुळे स्टॉलला हायब्रीड आणि बाजारात माधुरी असं करता येईल, पण दोन्ही एकाच वेळी शेजारी लावू नका. गुहागर दादांनी गावठीचं सांगितलं तेच इथे पण, दोन गोड जाती असल्या तरी प्रकार वेगळा असला आणि एकमेकींचा पराग पडला की दोन्हीकडचे दाणे पिठूळ होतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी दोन्ही एका गडग्यात लावून सगळं वर्ष घालवलं.

आमच्या सासूबाई अजून म्हणतात, "मको गोड लागता, पण पोट भरणा नाय." त्यांच्यासाठी मी पावसाळ्यात दारात गावठीची १५-२० झाडं लावते, गणपतीत कणसं येतात, त्याशिवाय त्यांना करमत नाही. पण ती हिवाळ्याच्या लागवडीआधी संपलेली असतात म्हणून चालतं.

कोणी अळीचं बोललं नाही अजून. २०१८ साली कर्नाटकात अमेरिकन लष्करी अळी सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली आणि तेव्हापासून मका म्हटलं की ती आलीच. जात कुठलीही घ्या, गोड मक्यावर ती तुटून पडते. पेरून दहा दिवस झाले की मी रोज सकाळी चहा घेतल्यावर पोंग्यात (ताटाच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) बघते. पानावर बारीक पांढरे पापुद्रे दिसले की समजायचं पिल्लं आहेत, आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की आत मोठी बसली आहे. काडीने उकरून काढायची. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके, एकदा ओळखलं की विसरत नाही. दीड गुंठा असेल तर हाताने वेचणं जमतं, नातू पण वेचतो माझ्याबरोबर, डब्यात साबणाचं पाणी घेऊन. शिवाय ९ भाग बारीक वाळू आणि १ भाग चुना मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकायचं, आणि अंडीपुंज दिसले की निंबोळी अर्क १५०० पीपीएमवाला ५ मिली लिटरला. मोठी औषधं लागलीच तर तुरा यायच्या आधी, कृषी खात्याच्या माणसाला विचारून. एकदा केस आले की मी काहीच मारत नाही, लोकं आठ-पंधरा दिवसात ते कणीस तोंडात घालणार असतात. टोकाला अळी निघाली तर टोक कापून द्यायचं आणि सांगून द्यायचं, बाजारातल्या बायकांना ते चालतं.

गुहागर_आगर

कुडाळ ताई, माधुरीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर, मी स्टॉलच्या हिशेबाने बोललो. घरचं बी धरणाऱ्याला ती चांगलीच.

राजापूर_मळा

सगळ्यांचे मनापासून आभार. मागच्या वर्षीचं कोडं सुटलं, मी उगाच दुकानदाराला मनात बोलत होतो. शेजाऱ्यांशी आजच बोललो, ताटं देतो म्हटल्यावर ते मका न टाकायला तयार झाले.

आता असं ठरवतोय. स्टॉल आणि टपरीसाठी शुगर ७५. स्टॉलवाल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे एकदम न लावता कुणग्यात २-२ गुंठ्यांचे ४ तुकडे, दर १० दिवसांनी एक. भात निघतं ऑक्टोबर अखेरीला, म्हणजे पहिला तुकडा ५ नोव्हेंबरला, आणि तो नाताळला विकायला येईल असं धरलंय. बरोबर आहे का? आणि खत किती? वरकसात काय करू? आणि सगळ्यात मोठं म्हणजे वानर, त्यांचं काय करता?

गुहागर_आगर

नाताळ चुकेल तुमचा. शुगर ७५ पेरल्यापासून तोडणीला हिवाळ्यात ८० ते ९० दिवस घेते, ५ नोव्हेंबरला पेरलं तर जानेवारीचा शेवट उजाडणार. नाताळ पाहिजे तर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा या वेळेत बी जमिनीत पाहिजे आणि तेव्हा तुमच्या कुणग्यात भात उभं असणार. म्हणून नाताळचा प्लॉट वरकसात. तिथे पाणी साचत नाही, परतीचा पाऊस एखाद-दुसरा पडला तरी वरंब्यावर पेरलेलं असेल तर निभावतं. वरकसाची माती तांबडी, आंबट, स्फुरद धरून ठेवणारी, तिथे शेणखत भरपूर द्या आणि सुपर फॉस्फेट सगळीकडे न फेकता बियाच्या ओळीत खाली द्या, बी आणि खत यांच्यामध्ये मातीचा थर राहील असं.

कुणग्याचं वेळापत्रक मी असं करीन. पहिले दोन तुकडे नोव्हेंबरात, ते जानेवारी अखेर आणि फेब्रुवारीत आडवारच्या विक्रीला जातील, त्यातून फार अपेक्षा नको, टपऱ्यांना नियमित माल मिळतो एवढंच. पण एक तुकडा डिसेंबरच्या मध्यावर पेरा, तो मार्चच्या मध्यावर येतो, म्हणजे शिमग्याला. चाकरमानी येतात, पालखी घरोघर फिरते, रात्रभर लोकं जागी असतात, आमच्याकडे शिमग्यात पाच दिवसात जेवढं कणीस जातं तेवढं नाताळातही जात नाही. मोठ्यात मोठा प्लॉट शिमग्याचा ठेवा असं मी सांगेन. मे महिन्यासाठी फेब्रुवारी अखेर पेरावं लागेल आणि तुमचं पाणी एप्रिलपर्यंतच म्हणताय, दाणा भरताना पाणी तुटलं तर सगळं गेलं, तो नाद नको.

२ गुंठे पण एका वेळी जास्त होतात. गुंठ्यात ८४० झाडं, नांगी पडणं (मधली झाडं न उगवणं), अळी, लहान कणसं सगळं वजा जाता ६०० तरी विकण्याजोगी निघतील. ती ४-५ दिवसात तोडावी लागतात, त्याच्यापुढे दाणा टणक व्हायला लागतो. स्टॉल, टपरी, बाजार मिळून तुम्ही आठवड्याला किती घालवू शकता ते आधी विचारून घ्या, मग तुकडा ठरवा. आणि १० दिवस हा हिशेब थंडीत फसवतो, डिसेंबरात पेरलेलं सावकाश वाढतं आणि पुढे ऊन वाढल्यावर मागनं पेरलेलं त्याला गाठतं, मग दोन तुकडे एकदमच तयार. मी कॅलेंडर बघत नाही, आधीच्या तुकड्याला ३ पानं दिसली की पुढचा पेरतो.

खत, मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश असा साधारण हिशेब आहे, तो गुंठ्याला अडीच किलोच्या वर थोडा युरिया, पावणेचार किलो सिंगल सुपर आणि सातशे ग्रॅम पोटॅश एवढा होतो. सुपर आणि पोटॅश पेरतानाच, युरियाचे तीन भाग करा, एक पेरताना, एक गुडघाभर झाल्यावर भर लावताना (बुंध्याशी माती चढवताना), एक तुरा डोकावताना. माती परीक्षण करून घेतलंत तर उत्तम, दापोलीला विद्यापीठात किंवा तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात होतं.

तोडणी कधी हे तुम्ही विचारलं नाहीत पण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. केस बाहेर आल्यापासून मी १८ दिवस मोजतो, मग रोज बघतो. केस तपकिरी होऊन वाळलेले पण साल हिरवं, आणि हाताने दाबलं तर कणीस टोकापर्यंत भरलेलं लागतं. ओळीतलं एक कणीस वरनं थोडं सोलून दाण्यात नख रुतवायचं. पाणी उडालं तर दोन दिवस थांबा, दुधासारखं आलं तर उद्या पहाटे तोडा, घट्ट खिरीसारखं आलं तर तो प्लॉट आजच संपवा. नख रुतवलेलं कणीस घरी खायला.

गणपतीपुळे_स्टॉल

शिमग्याचं अगदी बरोबर. दादा, पहिल्या तोडणीतली दहा-बारा कणसं हायवेच्या त्या काकांना तशीच नेऊन द्या, पैसे न घेता, उकडून बघा म्हणावं. पुन्हा घेतील.

कुडाळ_परसबाग

वानरांना खात्रीचा उपाय माझ्याकडे नाही, खरं सांगते. ती दिवसा येतात, कणीस दुधात आलं की त्यांना आपल्याआधी कळतं, आणि एक खातात दहा मोडून टाकतात. मी घराच्या समोरच लावते, माणसाचा वावर आणि कुत्रा असला की बरं पडतं. रात्री डुक्कर आणि कोल्हे, त्यांना कुंपण चालतं. टोकाकडनं पोपट साल फाडतात, तिथे मी शेवटच्या आठ दिवसात कणसाला जुन्या साडीचं फडकं बांधते, दीड गुंठ्यात जमतं, तुमच्या मापात जमणार नाही.

राजापूर_मळा

वरकस घराजवळच आहे त्यामुळे नाताळच्या प्लॉटचं निभेल. कुणगा लांब आहे, नदीपलीकडनं वानरांची टोळी येते, तिथे दिवसभर माणूस बसवणं परवडत नाही. सौर झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचा झटका देणारं) कोणी लावलंय का?

गुहागर_आगर

मी लावलंय, डुकरांना बंद झालं, वानरं खांबावरनं उडी मारून येतात. त्यांच्यासाठी मी झटक्याच्या तारेच्या आतल्या बाजूने मासेमारीचं जुनं नायलॉन जाळं उभं केलंय, ताणून नाही, सैल सोडलेलं. ताणलेल्या जाळ्यावर ती चढतात, सैल जाळ्यात हात-पाय अडकतात म्हणून यायला बिचकतात. दोन वर्षं झाली, अधूनमधून एखादं घुसतं पण टोळी येत नाही. रोज सकाळी जाळं बघायला लागतं, साप अडकतो कधी कधी, तो सोडवावा लागतो. तुम्हाला साखरी नाट्याचं बंदर जवळ आहे, तिथे फाटकी जाळी टाकून दिलेली असतात, पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा जा, खलाशी निवांत असतात, मागितलं तर देतात. खालच्या कडेला दगड ठेवा नाहीतर डुक्कर उचलतं.

राजापूर_मळा

नाट्याला मामेभाऊ आहे, रविवारी जातो. २ गुंठ्यांच्या चारही बाजूंनी फिरवायला ६० मीटर तरी लागेल ना?

गुहागर_आगर

सैल सोडायचं आहे, ८० धरा. आणि उंची पुरुषभर पाहिजे, कमी नको.